चोचीपुढची रेघ

गल्लीच्या मागच्या मोकळ्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर पोरं चढली होती, पायऱ्यांवर म्हातारी माणसं बसली होती आणि मधोमध एका लाकडी फळीवर एक पांढरी कोंबडी कुशीवर पडली होती. डोळे उघडे, मान फळीला टेकलेली, पाय लांब. हालचाल म्हणाल तर शून्य. शेजारी कावळा ओरडला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणाच्या तरी हातातलं ताट खाली पडलं, पण कोंबडी ढिम्म.

"प्राण काढून बाजूला ठेवलाय," फळीपाशी बसलेला जाडजूड माणूस म्हणाला. "जंत काढून झाले की परत घालतो. घाबरू नका, माझ्याकडे नीट सांभाळून ठेवलेला आहे."

लोक त्याला नळीबाबा म्हणत. कमरेला पितळेची वीतभर नळी खोचलेली, बोटांना खडूची पांढरी पूड लागलेली आणि मागे पिशवी धरून उभा असलेला एक गप्प शिष्य, एवढाच त्याचा पसारा. कोंबडीच्या चोचीपासून पुढे त्याने खडूने एक सरळ रेघ ओढली होती. त्या रेघेवरून तिचा प्राण चालत बाहेर आला म्हणे.

मग त्याने नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, गोल गोल फिरवली आणि घसा खाकरून सुरू केलं:

"जंत जंत जंतूराजा, उघडा आहे दरवाजा. पोटामधलं घर सोड, नळीमधली वाट धर. येतोस का नेऊ? नेऊ का येतोस?"

शेवटचा सवाल तो जंताला इतक्या आपुलकीने विचारी की जंताच्या जागी एखादा पाहुणा असता तर तोही संकोचून निघाला असता. नळीचं एक टोक त्याने कोंबडीच्या चोचीला लावलं, दुसऱ्या टोकावर अंगठा दाबला, डोळे मिटले आणि मग झटक्यात नळी उलटी करून समोरच्या पांढऱ्या फडक्यावर आपटली. फडक्यावर पांढरट, बोटभर लांबीचे जंत पडले. गर्दी एक पाऊल मागे सरकली आणि लगेच दोन पावलं पुढे आली.

बाबाने कोंबडीच्या कानाशी टाळी वाजवली. ती धडपडून उठली, पंख झाडले आणि बायकांच्या पायांतून पळत सुटली. अंगणभर "अबब" झालं.

पांढरी कोंबडी शिवणवहिनीची होती आणि फडकंही तिचंच. गल्लीतल्या निम्म्या शाळकरी पोरांचे गणवेश तिच्या मशीनवर शिवले जात, त्यामुळे कोरं पांढरं कापड हवं म्हटल्यावर सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. तिने एक उरलेला तुकडा आणून दिला होता आणि आता कडेला उभी राहून ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती, पुन्हा गुंडाळत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पांढरीचा तुरा महिनाभर फिका पडला होता, अंडी बंद झाली होती, शी पातळ झाली होती, छातीचं हाड हाताला लागत होतं. गल्लीतल्या बहुतेक घरी हेच चाललं होतं. आणि आता जंत डोळ्यांदेखत बाहेर पडले होते. तरी जिवाला काही स्वस्थता नव्हती.

त्याचं कारण तिच्या शेजारी उभं होतं. सासूबाई हात जोडून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "बाबा, आमच्या नातीच्या पोटातही जंत आहेत. आठ वर्षांची पोर, अंगाला काही लागत नाही. तिचं काही..."

नळीबाबाने चिमणीकडे पाहिलं. चिमणी ही वहिनीची मुलगी. ती त्या वेळी भिंतीवर बसून मातीने भरलेल्या बोटाचं नख कुरतडत होती.

"रविवारी आणा," बाबा म्हणाला. "पण एक सांगून ठेवतो. औषध, गोळी, काही द्यायचं नाही. कोंबडीला नाही आणि मुलीलाही नाही. औषध आत गेलं की जंत चवताळतो आणि डोक्यात चढतो. मग माझ्या हातात काही राहत नाही."

तो पैशाला हात लावत नसे, हे गल्लीला फार भारी वाटे. जाताना शिष्याच्या हातात अंड्यांच्या दोन टोपल्या होत्या. ज्या गल्लीत अंड्यांचा दुष्काळ पडला होता तिथून दोन टोपल्या अंडी गोळा होतात, हाही एक चमत्कारच होता. पण त्याची कुणी चौकशी केली नाही.

घरी आल्यावर वहिनीने ते फडकं भिजत घातलं. जंत शिष्याने वेचून नेले होते, पण कापडावर एक डाग राहिला होता, पांढरट आणि कडक. "ते जंताचं विष आहे, हात लावू नका," असं बाबाने बजावलं होतं. वहिनीने साबण लावला, घासला, पुन्हा घासला. डाग हलेना. तिने फडकं तसंच दोरीवर टाकलं.

स्वयंपाकघराच्या फळीवर एका डबीत चिमणीची गोळी होती. मुलांच्या डॉक्टरांनी तपासून दिलेली, एकच, चावून खायची. सासूबाईंनी ती डबी उचलून सगळ्यात वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यामागे नेऊन ठेवली.

"आई, डॉक्टरांनी लगेच द्यायला सांगितलीय," वहिनी म्हणाली.

"डॉक्टरांनी जंत दाखवले का तुला? बाबांनी दाखवले. डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग? माझा एक भाऊ गोळी खाऊन आजारी पडला होता, तेव्हा कोण आलं होतं विचारायला? रविवारपर्यंत धीर धर."

वहिनीचा नवरा ट्रक चालवत असे आणि आठवडाआठवडा बाहेर असे. फोनवर तो म्हणाला, "आईशी भांडू नकोस, आणि पोरीचं बघ." म्हणजे दोन्ही बाजूंनी तोच. वहिनीने फोन ठेवला, मशीनवर बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. बाही उलटी जोडली गेली. उसवली. पुन्हा उलटीच जोडली.

दोन दिवसांनी पांढरी मान खाली घालून कोपऱ्यात बसली. दाण्याला तोंड लावेना. तिसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यात आडवी पडलेली सापडली, आणि या वेळी टाळी वाजवून उठली नाही.

सासूबाई तशाच बाबाकडे गेल्या आणि तासाभराने परत आल्या त्या तोंड वाकडं करूनच. "बाबा म्हणाले, घरात कुणाच्या तरी मनात शंका आहे. शंकेमुळे जंत परत फिरले."

"शंका माझ्या मनात, आणि जंत कोंबडीच्या पोटात?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"बघ, हीच ती शंका," सासूबाई म्हणाल्या. शंका घेतली तर कोंबडी मरते, आणि कोंबडी मेली म्हणून शंका घेतली तर पोर मरेल. नळीबाबाचं हे गणित असं होतं की उत्तर काहीही आलं तरी गुण त्यालाच. याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा, पण सासूबाईंना त्या मंत्रासारख्या ऐकू येत होत्या.

पांढरी एका जुन्या पिशवीत गुंडाळून, ओट्याखाली बर्फाच्या तुकड्यांवर ठेवलेली होती. पुरायला वहिनीचा हात धजत नव्हता. तिने कामात मन घालायचं ठरवलं. कापायच्या टेबलावर शर्टाचं कापड पसरलं, खडूची चपटी वडी हातात घेतली, आणि तेवढ्यात उघड्या दारातून काळी कोंबडी आत शिरून थेट टेबलावर चढली. नव्या कापडावर. पायाला माती.

वहिनीने एका हाताने तिला पंखांवरून घट्ट दाबून धरलं आणि मान कापडाला टेकवली. दुसऱ्या हातातला खडू कापडावर टेकलेलाच होता. बाहीची खूण राहिली होती. चिडून तिने कोंबडी तशीच दाबून ती रेघ पुरी केली, नेमकी चोचीजवळून पुढे, सरळ, आणि कोंबडीला खाली ढकलायला हात उचलला.

काळी हलली नाही.

डोळे उघडे, मान कापडावर, पाय लांब. वहिनीने फुंकर मारली. पिसं हलली, कोंबडी नाही. क्षणभर तिला खरंच वाटलं की आपल्या अंगात काहीतरी आलंय, बाबाची विद्या आपल्याला लागलीय, आता आपण काय करायचं, आधी सासूबाईंना सांगायचं की आधी अंघोळ करायची. तिने घाबरून टाळी वाजवली. काळी उठली, कापडावर शी केली आणि उडी मारून बाहेर गेली.

विद्या अंगात आलेल्या बाईचा पहिला चमत्कार म्हणजे खराब झालेलं शर्टाचं कापड. पण वहिनीचं डोकं आता थांबायला तयार नव्हतं. ती अंगणात धावली, तपकिरी कोंबडी पकडली, फरशीवर दाबली, रेघ ओढली, हात काढला. तपकिरी पडून राहिली. शेजारणीची ठिपकेवाली पकडली. तीही. मग तिने चिमणीला हाक मारली.

"ये इकडे. हिला अशी धर. मान खाली. आता ओढ रेघ."

चिमणीने वाकडीतिकडी रेघ ओढली आणि हात काढला. ठिपकेवाली मेल्यासारखी पडून राहिली.

"आई," चिमणी कुजबुजली, "म्हणजे मी पण बाबा झाले?"

वहिनीला हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदाच आलं. मग ते मावळलं. पोरीच्या हातातही विद्या, आपल्या हातातही विद्या, म्हणजे ही विद्या हातात नव्हतीच. मग कुठे होती?

विचार करता करता तिची नजर दोरीवरच्या फडक्यावर गेली. तो डाग. आता तो सुकून पांढरा फटफटीत झाला होता. तिने नखाने खरवडला, तर पापुद्रा निघाला. वहिनी शिवणकाम करणारी बाई. तेलाचा, शाईचा, गंजाचा, घामाचा, सगळ्या डागांची तिला ओळख. हा डाग तिने पूर्वी पाहिला होता, वीज जाते तेव्हा टेबलावर मेणबत्ती लावून शिवताना. तिने डागावर जुना कागद ठेवला आणि वरून गरम इस्त्री फिरवली. डाग कापडातून निघून कागदात उतरला आणि कागद तिथे तेलकट पारदर्शक झाला.

मेण. जंताच्या पोटात मेण कुठून आलं?

तिने पिशवीत गुंडाळलेली पांढरी उचलली आणि जनावरांच्या दवाखान्याकडे निघाली. चालत नव्हती, जवळजवळ पळत होती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये फक्त एकदा विचारलं, "रेघ न ओढता करून बघितलंत का?"

"नाही."

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या पिंजऱ्यातून एक कोंबडी काढली, टेबलावर कुशीवर धरली, मान अलगद दाबली, थोडा वेळ थांबल्या आणि हात काढून घेतला. रेघबिघ काही नाही. कोंबडी पडून राहिली.

"मग रेघ कशाला?" वहिनीने विचारलं.

"बघणाऱ्यांसाठी. कोंबडीला ती नसली तरी चालते. मुंगसाने किंवा मांजराने धरलं की पक्षी असा थिजतो. मेलेल्याला बरीच जनावरं सोडून देतात, तेवढ्यात पळायची संधी. ही भीती आहे, वहिनी. तुम्ही तिला दाबून धरलंत म्हणजे ती समजली, आता आपण संपलो."

वहिनीला त्या फळीवरची पांढरी आठवली. सगळं अंगण अचंब्याने बघत होतं आणि ती जिवाच्या भीतीने गोठून पडली होती. प्राण काढून ठेवलाय म्हणे. तिला स्वतःचा राग आला, आणि राग आला म्हणून जरा बरंही वाटलं.

"आता ही बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हातमोजे चढवले.

इथे गल्लीची एक गोष्ट सांगायला हवी. या गल्लीत घरोघरी कोंबड्या होत्या, पण आपल्या हाताने पाळलेली कोंबडी कुणी कापत नसे. अंडी द्यायची थांबली की म्हातारी कोंबडी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे जायची आणि मागे वळून कुणी बघायचं नाही, अशी पद्धत. माया म्हणून होती, चांगलीच होती. पण त्यामुळे दोन-तीन पिढ्यांपासून कोंबड्या पाळणाऱ्या या बायकांपैकी एकीनेही कोंबडी आतून पाहिली नव्हती. दाणा चोचीतून जातो एवढं माहीत, म्हणून जंतही चोचीतूनच येतात हे पटायला वेळ लागला नाही. नळीबाबा ही गल्ली उगाच हेरून आला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी आधी पांढरीचा घसा उघडून दाखवला. गुलाबी, स्वच्छ. मग आतडं चिरलं. वहिनीने तोंडावर ओढणी धरली पण डोळे मिटले नाहीत. आतड्यात पांढरे जंत गच्च भरले होते, बॉबिनमध्ये गुंता झालेल्या दोऱ्यासारखे. पुढे जायला वाटच नव्हती.

"हे इथे राहतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चोचीपासून कितीतरी आत. नळी लावून येणारे नाहीत. बाबाने हिच्यातून एकही काढला नव्हता. वेळेवर औषध मिळालं असतं तर वाचली असती."

"औषध देऊ नका म्हणाला तो."

"म्हणणारच. औषधाने कोंबड्या बऱ्या झाल्या तर नळी कोण बघेल?"

बाकी कोंबड्यांचं काय करायचं ते वहिनीने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि मुलीचं? कोंबड्यांचेच जंत तिला झालेत का?"

"कोंबडीचे वेगळे, माणसाचे वेगळे. पण येतात सारखेच. जंतांची अंडी मातीत पडतात आणि माती तोंडात जाते. तिला डॉक्टरांनी गोळी दिलीय ना? द्या. आजच द्या."

"घरी देऊ देत नाहीत," वहिनी म्हणाली. "लपवून दिली तरी उद्या पुन्हा दुसरं काही करतील. त्यांच्या डोळ्यांदेखत हे फुटायला पाहिजे. तुम्ही रविवारी याल?"

"येते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुणाची गाय विताना अडली नाही तर."

परतताना कोपऱ्यावर चिकनवाला दिसला. वहिनीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, नळीबाबा तुमच्याकडून कोंबडी नेतो का हो?"

"कोंबडी? छे. त्याचा तो गप्प शिष्य रोज सकाळी आतडी नेतो. कुत्र्याला घालायला म्हणे. एकदा मांसाचा तुकडा फुकट देत होतो तर नको म्हणाला. असला सोवळा कुत्रा मी आजवर पाहिला नाही." मग वहिनीच्या तोंडाकडे बघून त्याचा सुरा हवेतच थांबला. "का? काय झालं?"

"रविवारी अंगणात या," वहिनी म्हणाली. "विचारलं तर एवढंच सांगा."

रविवार उजाडला तशी गल्लीत चढाओढ लागली. आज कोंबडी नाही, माणूस होता. शेजारच्या गल्ल्यांतले लोकही आले. सासूबाईंनी चिमणीला नवा फ्रॉक घातला. वहिनीने तोच आधीचा फडक्याचा तुकडा इस्त्री करून नेला आणि ओढणीखाली एक लांब सळई लपवली, जिने ती परकरात नाड्या ओवत असे. दर मिनिटाला तिची नजर गल्लीच्या तोंडाकडे जात होती. डॉक्टरीणबाईंचा पत्ता नव्हता. नक्कीच कुणाची तरी गाय अडली होती.

नळीबाबा आला. त्याने फळी मांडली. "झोप बाळ," म्हणाला.

चिमणी झोपली. बाबाने तिच्या नाकापुढे रेघ ओढली. चिमणीने रेघेकडे तिरकं बघितलं, आजीकडे बघितलं आणि उठून बसली.

"मी काय कोंबडी आहे?"

पोरं खिदळली. बाबाचं कपाळ आक्रसलं. "जंत तिच्या तोंडून बोलतायत. धरा हिला."

सासूबाईंनी पुढे होऊन नातीचे खांदे धरले. दोन्ही हातांनी, घट्ट. चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आता हलत नव्हती. वहिनीला दवाखान्यातल्या टेबलावरची कोंबडी आठवली, आणि मग तिला डॉक्टरीणबाईंची वाट बघायची गरज उरली नाही.

शिष्याने दिवा पेटवला आणि नळी काढून ताटात ठेवली. बाबाचा हात नळीकडे गेला. वहिनीचा हात आधी पोचला.

"बायकांनी नळीला शिवायचं नाही," बाबा ओरडला.

"गरम करायच्या आधी मला आत बघायचंय," वहिनी म्हणाली. तिने फडकं फळीच्या कडेला पसरलं, नळी त्याच्यावर उभी धरली आणि वरच्या टोकातून सळई घातली. नाडी ओवायच्या सवयीचा हात. आत काहीतरी अडलं. तिने दाबलं. खालच्या टोकातून मेणाचं एक बूच टपकन पडलं आणि त्याच्यामागून, ओलसर, मिठाच्या पाण्याचा वास घेऊन, जंत बाहेर घसरले.

भिंतीवरची पोरं वाकून बघू लागली. नळी अजून कुणाच्या तोंडाला लागली नव्हती. दिव्यावर धरली नव्हती. मंत्र म्हटला नव्हता. जंतूराजाला कुणी "येतोस का नेऊ" असं विचारलंसुद्धा नव्हतं, तरी तो हजर.

"हे... कालचे राहिले असतील," बाबा म्हणाला.

"कालचे? मग बूच कुणी लावलं?" वहिनीने विचारलं. "दिव्यावर नळी धरली की मेण वितळतं आणि जंत सुटतात. माझ्या कापडावर पडला तो विषाचा डाग नव्हता, मेण होतं. इस्त्रीने कागदात उतरलं, हे बघा." तिने घडी केलेला तेलकट कागद उघडून धरला. "आणि माझी पांढरी परवा डॉक्टरबाईंनी उघडली. घसा कोरा होता, आतडं जंतांनी गच्च भरलेलं. याने एकही काढला नव्हता. दादा, तुम्ही सांगा, याचा शिष्य रोज सकाळी काय नेतो?"

चिकनवाला गर्दीतून पुढे आला. बोलायला तो फारसा उत्सुक नव्हता, पण सगळे बघत होते. "आतडी," तो म्हणाला. "नुसती आतडी. कुत्रा असता तर मांसही नेलं असतं."

कुणीतरी म्हणालं, "पण कोंबडीचा प्राण काढतो, ते?"

"चिमणे, दाखव," वहिनी म्हणाली.

सासूबाईंचे हात केव्हा सुटले होते ते त्यांनाही कळलं नव्हतं. चिमणी उठली, भिंतीकडेला फिरणारी ठिपकेवाली पकडली, फळीवर टेकवली, मान दाबून धरली आणि हात काढला. कोंबडी पडून राहिली. चिमणीने रेघ ओढली नाही. "रेघ नको असते," तिने मोठ्यांना समजावल्यासारखं सांगितलं. "ती घाबरते म्हणून अशी पडते." मग टाळीही न वाजवता तिला अलगद उचलून जमिनीवर उभं केलं. ठिपकेवाली चालू लागली.

शिष्य गर्दीत कुठे दिसेना. पिशवीही दिसेनाशी झाली होती. नळीबाबा उठला. पळता आलं असतं तर पळाला असता, पण अंगणाला एकच दार होतं आणि त्या दारातच नेमक्या त्या वेळी, कोपरापर्यंत ओल्या बाह्यांनी, डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या. "गाय अडली होती. माझं काय बघायचं राहिलं?"

बाबाला चौकीत नेण्याचं काम चिकनवाल्याने आणि आणखी चौघांनी आनंदाने केलं. गल्लीतल्या बऱ्याच जणांना एकदम आठवलं की आपल्याला पहिल्यापासून संशय होताच. वहिनीने कुणालाही विचारलं नाही की मग बोलला का नाहीत. तिला घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू झालं, आणि ते बघायला कुणी भिंतीवर चढलं नाही. संध्याकाळी कोंबड्यांची पाण्याची भांडी काढून घेतली, म्हणजे सकाळी त्या तहानलेल्या उठतील. सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मापाने पाण्यात औषध घालून तेवढंच पाणी ठेवलं, आणि गल्लीतल्या सगळ्या घरी एकाच दिवशी, कारण कोंबड्या कुंपण मानत नाहीत. जुना भुसा काढून टाकला, खुराडी उन्हात वाळवली. वर्षानुवर्षं जमिनीवर शीच्याच जागी दाणा उधळायची जी सवय होती ती मोडून दाण्यासाठी उंचावर पन्हळ बसवली. औषध चालू असताना आणि नंतर बाटलीवर लिहिलंय तितके दिवस अंडी खायची किंवा विकायची नाहीत, हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. शिवाय मातीत राहिलेल्या जंतांच्या अंड्यांतून ते पुन्हा येतात, म्हणून काही आठवड्यांनी औषध पुन्हा. यात मंत्र नाही, दिवा नाही, टाळ्या नाहीत. म्हणूनच लोकांना ते कंटाळवाणं वाटतं, आणि म्हणूनच नळीबाबांची पोटं भरतात.

खोटं नेहमी डोळ्यांसमोर घडतं, असं दाखवलं जातं. खऱ्याला मात्र आतडं चिरून बघावं लागतं, पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं, एक गोष्ट वगळून बघावी लागते. नळीतून काही पडलं म्हणून हात जोडण्याआधी एवढं विचारा की नळीत आधी काय होतं. विचारलं म्हणून कुणाची कोंबडी मरत नाही. न विचारल्यामुळे मात्र मरते.

त्या रविवारी संध्याकाळी वहिनी अंगणातून घरी परतली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर चढलेल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या जिनाही चढत नसत. त्यांनी डाळीच्या डब्यामागून डबी काढली आणि ती हातात धरून खाली उतरल्या.

"तू नुसतं सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं," त्या म्हणाल्या.

"माहितीय, आई."

"मी धरलं होतं तिला. दोन्ही हातांनी."

वहिनीने पेल्यात पाणी ओतलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. सासूबाईंनी चिमणीला हाक मारली.

चिमणी आली, गोळीकडे बघितलं, आजीकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकली. "आता झोपायचं का मी?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या खाली बसल्या, नातीच्या उंचीला आल्या आणि तिचा मातीने भरलेला हात आपल्या हातात घेतला.

"नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "आधी हात धू. मग चावून खा. मी नाही धरणार."